जिन्यावरची जाऊ

माझ्या धाकट्या जावेचं चरित्र माझ्याच मुलीने, माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. वर मध्येमध्ये माहितीही मलाच विचारली.

तिच्या शाळेत काम दिलं होतं. रंगावरून माणसांना वेगळं बसवण्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका व्यक्तीचं जीवन आणि नेतृत्व, चार पानांत. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी पुस्तकातली मोठमोठी माणसं घेतली. आमच्या कन्येने काकू घेतली. मी म्हटलं, "अगं, काकूवर कुणी प्रोजेक्ट करतं का?" मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्या घरात ती केजीत गेल्यापासून चालू आहे. "टीचर सेड इट्स फाइन, मम्मी," ती म्हणाली, आणि पुढे विचारलं की काकू जिन्यावर जेवायला बसली तो पहिला दिवस कुठला. मी सांगितलं, मला नाही आठवत. मला वार आठवत होता, तिने घातलेला निळा कुर्ता आठवत होता, डब्यात मेथीची भाजी होती तेही आठवत होतं.

इथे आखातात, अल दुहैलमधल्या एका खाजगी शाळेच्या ऑफिसात मी तेरा वर्षं काम करते आहे. मुलगी त्या शाळेत नाही, तिथली फी आमच्यासारख्यांसाठी नाही. धाकटी जाऊ तीन वर्षांपूर्वी तिथे केजीची असिस्टंट म्हणून लागली. तिचा बायोडाटा मी नेऊन दिला, मॅनेजरच्या कानावर मी घातलं, मुलाखतीला कोणते सँडल घालायचे तेही मीच सांगितलं. चार पानांत यातलं एक अक्षर नाही.

आता शाळेतली गोष्ट सांगते, म्हणजे माझं पोट का दुखतं ते कळेल.

शाळेत स्टाफसाठी दोन खोल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या खोलीत सोफे, कॉफीचं मशीन आणि मैदानाकडे उघडणारी मोठी खिडकी. खालची खोली बस पार्किंगच्या शेजारी, पूर्वी तिथे स्टोअर होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक मायक्रोवेव्ह, आणि दार उघडलं की डिझेलचा वास. कुठल्याच दारावर पाटी नव्हती. पाटीची गरजच नव्हती, कारण दारं कार्डावर उघडायची आणि कार्डं माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. ए कार्डावर वरचं दार उघडायचं, बी कार्डावर खालचं. नवीन माणूस आला की मॅनेजर मला फोनवर सांगायचा, ए दे किंवा बी दे. दोन-तीन वर्षांनी त्याने सांगणं सोडलं. समोर उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघून मला आपोआप कळायला लागलं होतं.

मग एकदा एक गणिताची शिक्षिका आली. तिचे आजी-आजोबा गुजरातेतले, पण तिचा जन्म, शिक्षण आणि पासपोर्ट, सगळं लंडनचं. मी चेहरा बघितला आणि बी कार्ड काढून दिलं. संध्याकाळी फाइल लावताना पासपोर्ट बघितला आणि घाबरले. धावत मॅनेजरकडे गेले. सॉरी सर, चूक झाली, ब्रिटिश आहे ती. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, राहू दे, खलास, तिने काही म्हटलं नाही ना?

म्हणजे प्रश्न पासपोर्टचा नव्हता, डिग्रीचाही नव्हता. खालच्या खोलीत आम्ही हिंदुस्थानी, फिलिपिनो, बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या केनियाच्या बस आंटी, सुदानचा अरबीचा मास्तर, आणि आता ही लंडनची. वरच्या खोलीत कोण, ते सांगायला नको. हे सगळ्यात आधी मला कळलं. शाळेत कुणाच्याही आधी. आणि त्या शुक्रवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर मी हे माझ्या स्वयंपाकघरात कोळंबी साफ करताकरता धाकटीला सांगितलं. "बघ, अशी माणसं असतात," असंच काहीतरी म्हणाले मी. तिच्या हातातली कोळंबी तशीच राहिली. तिने विचारलं, "मग ताई, तुम्ही तिचं कार्ड बदललं का?"

मी म्हटलं, मला कुठे अधिकार आहे.

दोन आठवड्यांनी ती माझ्याकडे कागद घेऊन आली. प्रिन्सिपल मॅडमना पत्र लिहिलं होतं, एकच पान, साध्या इंग्रजीत. आरोप एकही नव्हता. फक्त विचारलं होतं की दोन खोल्यांचा नियम कुठे लिहिलेला आहे, तो आम्हाला वाचायला मिळेल का. मला मनातून म्हणावंसं वाटलं की वा. म्हटलं नाही.

"ताई, दोघींनी सही करू या का?" ती म्हणाली. "आपल्या दोघींचा व्हिसा नवऱ्यांवर आहे. नोकरी गेली तर आपण घरी जाऊ. बाकीच्यांचा व्हिसा शाळेचा आहे, त्या गावाला जातील. म्हणून मी बाकी कुणालाच सही मागत नाही."

इतका सरळ हिशोब तेरा वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता. माझा नवरा मुशैरिबच्या एका हॉटेलात मेंटेनन्सला आहे, त्याची नोकरी पक्की. माझ्या केसालाही धक्का लागणार नव्हता. मी म्हटलं, "मला यात ओढू नकोस. आणि ती लंडनवालीची गोष्ट माझ्याकडून कळली असं कुठे बोलू नकोस."

"बरं, ताई," ती म्हणाली.

हे तिचं 'बरं' फार वाईट आहे. भांडली असती तर मी भांडले असते. ती 'बरं' म्हणते आणि आपल्याला जे करायचं ते करायला जाते, आणि आपण आपल्याच शब्दांबरोबर एकटे उरतो.

पत्राला उत्तर आलं नाही. मग ती जिन्यावर बसली. दोन मजल्यांच्या मध्ये जिथे जिना वळतो तिथे, एका कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट सोडून. डबा उघडला, मेथीची भाजी आणि चपाती काढली, आणि जेवली. अर्ध्या तासाने डबा धुऊन वर्गात गेली. दुसऱ्या दिवशी तेच. मॅडम वरून उतरल्या, थांबल्या, विचारलं, सगळं ठीक ना? ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, हो मॅडम, खाली मी बसत नाही आणि वर मला दार उघडत नाही, म्हणून इथे. आवाज न चढवता. माझ्या काचेतून मला सगळं दिसत होतं. 

खालच्या खोलीतल्या बायका तिच्याबरोबर बसायला तयार झाल्या. केनियाची एक बस आंटी, उंच, खणखणीत आवाजाची, ती तर डबा घेऊन आलीच. धाकटीने तिला हाताला धरून परत खाली सोडलं. तुझा व्हिसा शाळेचा आहे, तू नको. मग कोण बसणार? ज्यांचं काही बिघडणार नाही ते, असं तिने सांगितलं, आणि रोज जेवताना वर जाणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारून ती विचारायला लागली, बसताय का थोडा वेळ? पाचव्या दिवशी संगीत शिकवणारे म्हातारे आयरिश सर बसले. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी उशी आणली. मग दोघी गोऱ्या शिक्षिका. तिसऱ्या आठवड्यात वरच्या खोलीतले बहुतेक लोक सँडविच घेऊन जिन्यावर, आणि कॉफीच्या मशीनपाशी कुणी नाही. मुलं वर-खाली करताना त्यांच्या पायांवरून उड्या मारायला लागली.

एका दुपारी मॅनेजरचा फोन आला. सगळी कार्डं ए कर, आजच. कारण विचारायचं नाही. मी साडेतीन तास बसून एकेक कार्ड मशीनवर ठेवलं, बीप वाजली की काढलं, पुढचं ठेवलं. पाठ धरली. दुसऱ्या दिवशी त्या केनियावालीने वरच्या खोलीत धाकटीला मिठी मारून उचललीच. लंडनवालीने केक आणला. आयरिश सरांनी काहीतरी वाजवलं. मी दारात उभी होते, माझ्या हातात उरलेली दोन कार्डं होती. लोक माझ्या बाजूने आत गेले आणि धाकटीला थँक्यू म्हणाले.

मी खोटं कशाला बोलू, मला तिचा राग राग आला. दारं मी उघडली होती. गोष्ट माझी होती. ती माझ्या स्वयंपाकघरातून उचलून धाकटी जिन्यावर जाऊन बसली आणि मोठी झाली. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, तुमच्या भावाची बायको आता पुढारी झाली. तो टीव्ही बघत म्हणाला, "अगं, तुला पण सही कर म्हणाली होती ना ती?" मी त्या दिवशी त्याला चहा दिला नाही.

धाकटीचा नवरा दूर मदिनत अश शमालला एका वर्कशॉपमध्ये आहे, गुरुवारी येतो आणि शनिवारी जातो. बाकीचे दिवस ती एकटी, म्हणून माझी मुलगी तिच्याकडे अभ्यासाला जाऊन बसते. अभ्यास करून येते आणि काकूसारखं बोलायला लागते. शांत, हळू, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. माझ्या पोटची पोर, आणि मला 'बरं' म्हणते.

माझं असं एकच राज्य होतं, ते म्हणजे यादी.

आम्ही वसईकर कॅथलिक ऑक्टोबरात घरोघरी माळेची, म्हणजे रोझरीची, प्रार्थना करतो. माउलीची छोटी मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते. ज्यांच्याकडे आज प्रार्थना झाली त्यांनी उद्या मूर्ती स्वतः पुढच्या घरी पोहोचवायची, ओढणीत गुंडाळून, साध्या शॉपिंग बॅगेतून. माळेचे पाच भाग असतात, प्रत्येक भाग एकाने सांगायचा, आणि कुणी सांगायचा ते घरधनी ठरवतो. शेवटचा भाग मानाचा. नंतर उकडलेले चणे आणि चहा. कुठल्या दिवशी कुणाचं घर हे ठरवणारी यादी अकरा वर्षं मी करते. कुणाची ड्यूटी कधी, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाच्या लिफ्टला त्रास आहे, सगळं माझ्या डोक्यात. यादीसाठी लोक मला सप्टेंबरपासून फोन करतात. मला ते आवडतं.

या सप्टेंबरात धाकटीही आली. म्हणाली, "ताई, त्या बस आंटीचं एक घर घालाल का यादीत? ती कॅथलिकच आहे. दर शुक्रवारी देवळात आपल्या मागच्या बाकावर असते. तिला फार इच्छा आहे."

मी लगेच म्हटलं, "तिचं घर कुठे आहे? शाळेच्या अकोमोडेशनमध्ये एका खोलीत चौघी राहतात."

"आम्ही दाटीवाटीने बसू."

"आणि आपली प्रार्थना मराठीत असते. तिला काय कळणार?"

हे बोलताना मला वाटलं की मुद्दा बिनतोड आहे. धाकटीने माझ्याकडे बघितलं. तिला जे म्हणता आलं असतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. यादीत गोव्याची दोन घरं होती, त्यांना मराठी येत नाही. आणि गेल्या वर्षी माझ्या घरी मी आयरिश सरांना बोलावलं होतं. मोठ्या खुर्चीवर बसवलं होतं, मानाचा शेवटचा भाग त्यांना इंग्रजीत सांगायला दिला होता, फोटो काढून वसईला सासूबाईंना पाठवला होता. त्यांना तरी कुठे मराठी येत होतं?

ती फक्त "बरं, ताई," म्हणाली.

ती गेल्यावर मी यादी पूर्ण केली. हात थांबला नाही असं नाही. एक ओळ रिकामी होती, एक घर सुट्टीवर गावाला गेलं होतं. मी तिथे एका मंगळुरी कुटुंबाचं नाव घातलं, त्यांनी मागितलंही नव्हतं. मला ती बस आंटी नकोशी होती असं नाही हो. बिचारी माझ्याशी नेहमी हसून बोलते. मला नको होतं ते धाकटीने सुचवलेलं नाव. शाळेतली दारं तिने उघडली, आता माझ्या यादीतही तिचाच हात लागणार, लोक म्हणणार धाकटी जाऊ आल्यापासून किती चांगलं झालं. एवढ्यासाठी मी ते नाव टाळलं. ए कार्ड, बी कार्ड करायची माझी जुनी सवय कामी आली, आणि या वेळी मॅनेजरचा फोनही नव्हता.

यादी ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले. धाकटीनेही.

माझ्या घरानंतर दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, धाकटीचं घर होतं. म्हणजे मूर्ती मीच पोहोचवायची. दुपारी तिचा ग्रुपवर मेसेज आला: आमच्या घरची प्रार्थना आज बस आंटीच्या खोलीवर आहे, पाच वाजता, सगळ्यांनी तिकडे या. खाली लोकेशन. तिने स्वतःचा दिवस देऊन टाकला होता. आपल्या पाळीच्या दिवशी प्रार्थना कुठे ठेवायची हा घरधन्याचा हक्क, त्यात यादीवाली काही बोलू शकत नाही. मी म्हटलं, जाणारच नाही. मग आठवलं की मूर्ती माझ्याकडे आहे.

मूर्ती गुंडाळली, बॅग मांडीवर घेऊन गाडीत बसले. नवरा म्हणाला, "यल्ला, चल, आता तोंड नीट कर." मी काचेतून बाहेर बघत राहिले.

खोली आमच्या हॉलच्या अर्धी असेल. दोन डबलडेकर पलंग भिंतीला सरकवले होते, मध्ये चादरी अंथरल्या होत्या. दोन बॅगा एकावर एक ठेवून वर पिवळं-जांभळं कापड पसरलं होतं, माउलीसाठी. मला वाटलं होतं चार-पाच जण येतील. यादीतली जवळजवळ सगळी घरं आली होती. माणसं खालच्या पलंगांवर, दारात, बाहेर पॅसेजमध्ये. गोवेकर आले होते, मंगळुरी आले होते, आयरिश सर उशी घेऊन. माझ्या घरी आदल्या दिवशी यांतली निम्मी होती. हे मी मोजलं, हो, दारातून आत पाऊल टाकताटाकताच मोजलं.

चार भाग झाले. कधी मराठी, कधी त्यांची स्वाहिली, एकीने सुरू करायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या भाषेत पूर्ण करायचं. कुणालाही अडलं नाही. मी डोळे मिटून ओठ हलवत होते आणि मनात विचार करत होते की शेवटचा भाग धाकटीलाच मिळणार.

बस आंटी उठून उभी राहिली. चांगला फुलाफुलांचा झगा घातला होता तिने, डोक्याला त्याच कापडाचा रुमाल. इंग्रजीत म्हणाली की या घरात देव यावा म्हणून ती सहा वर्षं वाट बघत होती. मग माझ्याकडे हात केला. या मॅडम शाळेत आमची कार्डं करतात, म्हणाली, आणि ही यादीही त्याच करतात. माझं नाव यादीत त्यांनी सुचवलं, असं मला माझ्या मैत्रिणीने, त्यांच्या जावेने सांगितलं. म्हणून शेवटचा भाग त्यांनी सांगावा.

खोलीतल्या प्रत्येक वसईकराकडे ती यादी फोनवर होती. त्यात हिचं नाव नव्हतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं.  नवरा आपल्या पायाच्या बोटांकडे बघत राहिला. मला एक वाक्य बोलायचं होतं, नाही गं, मी नाही, ही. माझी गोष्ट चोरली म्हणून मी महिनोन्‌महिने जिच्यावर जळले, तिचीच गोष्ट माझ्या ओंजळीत होती, आणि मला फक्त ती परत द्यायची होती.

"यू आर वेलकम," मी म्हटलं. आणि माळ हातात घेऊन सुरू केलं. आवाज छान लागला माझा.

प्रार्थना संपल्यावर बस आंटीने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. लोक चण्यांच्या वाट्या फिरवायला लागले. धाकटी माझी वाटी घेऊन आली, माझ्या शेजारी चादरीवर टेकली. मला वाटलं आता बोलेल, आता ऐकवेल. मी तयार होते. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या वर्षी खरंच घाला हं तिचं नाव. म्हणजे मी तिच्याशी खोटं बोलले असं होणार नाही."

मी म्हटलं, "बरं."

चणे खाल्ले. मीठ बरोबर होतं. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली, की हेसुद्धा हिनेच आधी सुचवलं.